थोड्या खर्चांत भरंवशाची बंदूक : कोंकणांतील तोडा, चकमक व कडाबीन यांचा विचार

मराठ्यांच्या युद्धसाहित्याविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांत तोफेला मोठा मान मिळाला आहे. तोफेला नांव असतें, तिच्यावर लेख असतो, आणि ती बुरुजावर शेंकडों वर्षें पडून राहते. बंदुकीचें तसें नाहीं. ती हातोहात फिरते, मोडते, तिची नळी कापून दुसरी केली जाते, आणि शेवटीं लोहाराच्या भट्टींत जाते. दफ्तरांतही तिची नोंद बहुधा नग आणि किंमत एवढ्यावरच संपते. तथापि किल्ला राखावयाचा तर बुरुजावरील दोन तोफांइतकीच गरज तटावरील दोनशें बंदुकांची असे. तिजोरींत पैसा थोडा असतां त्या कोठून, कोणत्या जातीच्या व कोणाच्या घडणीच्या घ्याव्या, हा प्रश्न कोंकणांतील प्रत्येक सत्ताधीशापुढें होता. त्या प्रश्नाचा रत्नागिरी प्रांताच्या अनुषंगानें उलगडा करावा, व त्यावरून आपल्या हातीं येणाऱ्या याद्या आणि हत्यारें कशीं वाचावीं हें दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

निष्कर्ष आरंभींच सांगणें बरें. बंदुकीची खरी किंमत विकत घेतांना मोजलेल्या रुपयांत नसे. तिची गोळी, तिची दारू, तिचा गारेचा तुकडा आणि तिची दुरुस्ती आपल्या मुलखांत होते कीं नाहीं, यांत ती असे. हें ज्यांनीं ओळखलें त्यांना स्वस्त बंदूक पुरली.

१. नांवांचा घोळ

प्रथम शब्द पाहूं. पेटत्या दोरीनें, म्हणजे तोड्यानें अथवा जामगीनें, जिचा बार काढीत ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा बसवून पोलादावर आघात करून जी पेटवीत ती चकमकीची अथवा पथरकला. तटावरून टेकून उडवावयाची लांब व जड ती जेजाल. उंटावर किंवा फिरत्या खुंट्यावर ठेवावयाची लहान तोफ तो जंबुरा. कडाबीन अथवा कराबीन हा यूरोपीय ‘कॅराबीन’ या शब्दाचाच आपल्या तोंडीं बसलेला अवतार होय. यूरोपांत हें घोडेस्वाराच्या आंखूड बंदुकीचें नांव. आपल्याकडे मात्र रुंद तोंडाची, एका बारांत पुष्कळ छर्रे फेंकणारी आंखूड बंदूकही त्याच नांवानें ओळखली गेली. यास्तव यादींत ‘कडाबीन’ हा शब्द आला म्हणजे ती स्वाराचीच असें धरून चालतां येत नाहीं. ती पायगेच्या सामानांत आहे, दरवाज्याच्या चौकींत आहे, कीं गलबताच्या सामानांत आहे, हें पाहूनच अर्थ करावा.

या सर्वच बंदुका तोंडाकडून दारू व गोळी घालून गजानें ठासावयाच्या. म्हणूनच मागाहून त्यांस ‘ठासणीची बंदूक’ हें नांव पडलें. परवाना घेऊन पीकरक्षणासाठीं ठेवलेली ठासणीची बंदूक कोंकणांतील गांवांना आजही अपरिचित नाहीं. तेव्हां पुढें येणाऱ्या पुष्कळ गोष्टी तेथील वृद्ध शेतकऱ्यास विचारूनही ताडून पाहतां येतील.

२. विक्रेता आणि त्याच्या अटी

कोंकण किनाऱ्यावर बंदूक मिळणें कधींच अवघड नव्हतें. गोवें पोर्तुगिजांनीं १५१० मध्यें घेतलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १५१३ सालीं, अल्बुकर्कनें आपल्या राजास कळविलें कीं, गोव्याचे बंदूक घडविणारे कारागीर बोहेमियांतील कारागिरांच्या तोडीचें काम करतात. हे कारागीर आदिलशाही अमदानीपासूनचे होते. म्हणजे परदेशी बंदूक येथें येण्याच्या आरंभींच ती घडविण्याची विद्याही किनाऱ्यावर होती. पुढें १६६० च्या दशकांत हिंदुस्थानांत असलेला फ्रेंच वैद्य बर्निये यानेंही येथील कारागिरांच्या हातच्या बंदुकांची अशीच वाखाणणी केली आहे.

परंतु ‘मिळते’ आणि ‘पाहिजे तेव्हां मिळते’ यांत अंतर आहे. राजापुराचें उदाहरण बोलकें आहे. १६६० मध्यें पन्हाळ्यास सिद्दी जोहाराचा वेढा पडला असतां राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनीं त्यास दारूगोळा पुरविला, इतकेंच नव्हे तर आपलें निशाण लावून किल्ल्यावर गोळे टाकले. त्याचें प्रायश्चित्त त्यांना १६६१ च्या मार्चांत मिळालें. शिवाजी महाराजांनीं राजापूर लुटलें. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैदेंत पडले, ते १६६३ सालीं सुटले. त्यानंतर नुकसानभरपाईच्या वाटाघाटी वर्षानुवर्षें चालल्या व १६७४ त, राज्याभिषेकाच्या वेळीं, ऑक्झिंडनच्या वकिलातींत दहा हजार होनांवर मिटल्या. या सर्व काळांत महाराजांकडून तोफांची मागणी होई, आणि सुरतेस मोंगलांच्या अंमलाखालीं व्यापार करणारे इंग्रज ती टोलवीत. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, महाराजांनीं ८० तोफा व तोड्याच्या बंदुकांस पुरेल इतकें शिसें फ्रेंचांपासून घेतलें.

या नोंदींत शिशाचा उल्लेख आहे, त्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. विकत घेतल्या त्या तोफा. बंदुकांसाठीं घेतलें तें शिसें. बंदूक देशांत घडूं शके, दुरुस्त होऊं शके. परंतु शिसें बाहेरून आणावें लागे. ज्याचा तुटवडा त्यावर पैसा खर्चावा, जें घरीं होतें त्यावर खर्चूं नये, हा हिशेब त्यांत दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) टोपीकरांचें बळ आरमार, तोफा व दारूगोळी यांत आहे असें बजावून त्यांच्यापासून सावध राहण्यास सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत किल्ल्यावरील दारू वरचेवर बाहेर काढून उन्हें देऊन पुन्हां मोहोर करून ठेवण्याची आज्ञा आहे. पावसाळ्यांतील कोंकण ज्यानें पाहिलें आहे त्यास या आज्ञेचें मोल सांगावयास नको. दमट दारूपुढें उत्तम बंदूकही काठीच्या मोलाची.

३. तोडा कीं चकमक ?

तोड्याच्या बंदुकीची यंत्ररचना अगदीं साधी. एक वांकडा दांडा, त्याच्या टोंकास पेटता तोडा, खालीं रंजकेचा प्याला. बिघडण्याजोगें तींत फारसें कांहीं नाहीं, आणि जें बिघडेल तें गांवचा लोहार नीट करूं शकतो. देशी बंदुकीची नळी लांब असे व तिचा पल्लाही चांगला असे. कंपनीच्या फौजेंतील बंदुकीपेक्षां देशी तोड्याची बंदूक लांब मारते, हें यूरोपीय लेखकांनींही नमूद केलें आहे. दोष असे कीं, बार भरण्यास वेळ लागतो. पहाऱ्यावर रात्रभर तोडा पेटता ठेवावा लागतो, म्हणजे फुटामागून फूट दोरी जळून जाते. अंधारांत तिचा निखारा शत्रूस दिसतो. आणि दारूच्या थैलीजवळ विस्तव बाळगण्याचा धोका तर नित्याचाच.

चकमकीच्या बंदुकीनें हे दोष बव्हंशीं जातात. कवायत शिकलेला शिपाई तिनें मिनिटास दोन ते तीन बार काढतो, आणि रांगेंत माणसें खांद्यास खांदा लावून उभीं करतां येतात. परंतु तिचा चाप नाजूक. त्यांतील कमानीस योग्य पाणी दिलेलें पोलाद लागतें, आणि ती कमान घडविणें साध्या लोहाराचें काम नव्हे. शिवाय गारेचा तुकडा वीस-तीस बारांनंतर बोथट होतो. इंग्रजांची उत्तम गार सफोक परगण्यांतील ब्रँडनहून येई. आपल्याकडे सह्याद्रीच्या काळ्या दगडांत गारगोट्या मिळतात, व राजपिपळ्याच्या डोंगरांतील अकीक खंबायतेस घडविला जाई. त्यांवर काम निभे. पण गारेची तजवीज न करतां घेतलेली चकमकीची बंदूक म्हणजे महिन्याभराचें हत्यार.

आणि चकमकही सदैव पेटते असें नाहीं. इंग्लंडांत १८३४ मध्यें सर्व प्रकारच्या हवेंत सहा हजार बारांची परीक्षा झाली. तींत चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार चुकले, आणि तांब्याच्या केपेनें पेटणाऱ्या नव्या बंदुकीचे अवघे ३६. म्हणजे शतकभर जगांत गाजलेली बंदूक दर साडेसहा बारांत एकदां दगा देई. हा आंकडा ध्यानांत घेतला म्हणजे आपल्या पूर्वजांनीं तोडा एकदम सोडला नाहीं याचें कारण केवळ अज्ञान होतें, असें म्हणवत नाहीं.

या संदर्भांत दक्षिण कोंकणच्या हेटकऱ्यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या बखरींत नोंदविलें आहे कीं, मावळे ढाल, तरवार व तोड्याची बंदूक बाळगीत. हेटकरी मात्र चकमकीच्या जातीची बंदूक वापरीत व नेमबाजींत नाणावलेले होते. गोव्याचा शेजार लक्षांत घेतां यांत नवल वाटूं नये. घाटावर जी दुर्मिळ ती किनाऱ्यावर सुलभ. आणि ज्यास ती सुलभ त्यानें ती पत्करली. एकाच राज्याच्या दोन पायदळांनीं दोन जातींच्या बंदुका घ्याव्या, हें पुरवठ्याच्या सोईस धरूनच आहे.

४. गोळीचें माप

खरेदीदारास सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे मिसळ माल. इंग्रजांच्या लष्करी बंदुकीचें, जीस ते ‘ब्राउन बेस’ म्हणत, तोंड पाऊण इंच, व तिची गोळी पाऊण इंचाहून बरीच लहान, सुमारें ०.६९ इंच. फ्रेंच लष्करी बंदुकीचें तोंडच ०.६९ इंच, तिची गोळी त्याहून लहान. यामुळें फ्रेंच गोळी इंग्रजी नळींत सैल पडते, व इंग्रजी गोळी फ्रेंच नळींत उतरतच नाहीं. इंग्रजी स्वाराच्या कडाबिनीचें तोंड सामान्यतः ०.६५ इंचाच्या आसपास. तिला तिसरी गोळी. देशी बंदुकींत तर प्रत्येक कारागिराचें माप निराळें, आणि बंदुकीबरोबर तिचा स्वतंत्र सांचा द्यावा लागे.

आतां किल्ल्यावर चार जातींच्या शंभर बंदुका आहेत व गोळ्यांची एकच रास आहे असें मनांत आणावें. हल्ल्याच्या वेळीं निम्म्या बंदुका निरुपयोगी. उलट एकाच मापाच्या साठ बंदुका असतील तर एका सांच्यावर, एका तोसदानावर, एका मापाच्या गजावर काम चालतें. एकीची मोडलेली नळी टाकून तिचा चाप दुसरीस उपयोगीं पडण्याचीही आशा राहते. म्हणून थोड्या पैशांत शंभर भिन्न बंदुका घेण्यापेक्षां साठ सारख्या घेणें शहाणपणाचें. कंपनीच्या फौजेचें सामर्थ्य तिच्या बंदुकीच्या उत्कृष्टपणापेक्षां या सारखेपणांत अधिक होतें. ३९ इंच नळीचा ‘इंडिया पॅटर्न’ मूळचा कंपनीचा. तो इतका सोईचा व स्वस्त ठरला कीं १७९७ त ब्रिटिश सरकारनेंही आपल्या सैन्यास तोच घेतला.

कडाबिनीचा विचारही येथेंच येतो. स्वारास घोड्यावर लांब नळी सांवरत नाहीं, आणि लगाम धरलेल्या हातीं पेटता तोडा बाळगणें त्याहून कठीण. म्हणून स्वाराची कडाबीन चकमकीचीच सोईची. इंग्रजांच्या ‘इलियट’ नमुन्याची नळी २८ इंचांची, म्हणजे पायदळाच्या बंदुकीहून जवळजवळ एक फूट आंखूड. तिनें वजन वांचतें, पण दारूचें बळ नळींत पुरतें लागत नाहीं व पल्ला कमी होतो. शिवाय गोळी निराळी. मराठी स्वाराचा मुख्य भरंवसा भाला-तरवारीवर राहिला याचें एक कारण या हिशेबांतही शोधावें लागेल. दरवाजा, घाटाची चौकी, गलबताचा कठडा, अशा जवळच्या मारगिरीच्या ठिकाणीं मात्र रुंद तोंडाची कडाबीन आपला खर्च भरून काढी.

५. छाप आणि परीक्षा

बंदुकीवरील छाप पाहून ती घेण्याची रीत जुनी आहे, आणि छाप पाहून फसण्याचीही. छाप दोन प्रकारचे. एक घडविणाराचा, दुसरा परीक्षकाचा. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघास १६३७ सालीं सनद मिळाली. त्यांचे परीक्षक नळींत नेहमींपेक्षां जास्त दारू भरून बार काढीत, आणि नळी टिकली तरच तिजवर मुकुटाखालीं ‘जी. पी.’ व ‘व्ही.’ या खुणा उमटवीत. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें. कंपनीच्या मालावर आरंभीं हृदयाच्या आकाराची, आंत आद्याक्षरें व वर चाराच्या आंकड्यासारखी रेघ असलेली खूण असे. सुमारें १८०८ पासून चापाच्या पत्र्यावर मागल्या पायांवर उभा राहून मुकुट धरणारा सिंह दिसूं लागतो. या खुणेवरून कंपनीच्या बंदुकीचा काळ बऱ्याच निश्चितीनें ठरवितां येतो.

‘टॉवर’ हें अक्षर मात्र पुष्कळांस भुरळ घालतें. तें कोणा कारागिराचें नांव नव्हे. नळ्या एकाकडून, चाप दुसऱ्याकडून घेऊन सरकारी देखरेखीखालीं बंदुका जुळविल्या व सांठविल्या जात, त्या लंडनच्या कोठाराचें तें नांव. यावरून इतकेंच ठरतें कीं, माल सरकारी तपासणींतून गेला. आणि हें नांव इतकें लौकिकास चढलें कीं हिंदुस्थानांत व अफगाण सरहद्दीवर देशी चापांवरही तें कोरलें जाऊं लागलें. अक्षरें उलटीं, मुकुट बेढब, अथवा सालाचा आंकडा नमुन्याशीं विसंगत दिसला तर ती नक्कल समजावी. पण नक्कल म्हणजे टाकाऊ, असेंही नाहीं. तिची नळी चांगली असूं शकते, आणि देशी कारागिरीचा पुरावा म्हणून तिचें मोल अस्सलाहून अधिक.

तात्पर्य, नांवापेक्षां नळी पाहावी. आंतून उजेडाकडे धरून ती सरळ व निर्व्रण आहे काय. मागील बूच घट्ट आहे काय. कान झिजून रुंद झाला आहे काय. घोडा अर्ध्या चापावर ठाम राहतो काय. आणि दस्त्याच्या लांकडास भेग आहे काय, हे पांच प्रश्न पुरेसे असत. त्यांत पहिले तीन जिवाचे, पुढील दोन दुरुस्तीचे.

६. ‘घरचा कारखाना’ हा उपाय

उत्तरेंत महादजी शिंद्यांनीं हा प्रश्न मुळापासून सोडविला. १७८४ च्या सुमारास द बॉइनेनें त्यांच्यासाठीं साडेआठशें माणसांच्या दोन पलटणी उभारल्या. दर माणशीं आठ रुपये महिना ठरून त्यांतील साडेपांच शिपायास मिळत. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिरानें तोफा ओतल्या आणि यूरोपीय नमुन्याच्या तोडीच्या बंदुका दर नग दहा रुपयांत तयार केल्या, असें या यूरोपीय सरदारांचा इतिहास लिहिणारा कॉम्प्टन सांगतो. हिशेब करून पाहावा. बंदूक म्हणजे शिपायाचा दोन महिन्यांहून कमी पगार. सबंध पलटणीच्या बंदुका साडेआठ हजारांत, म्हणजे पलटणीच्या सव्वा महिन्याच्या खर्चांत. परदेशी विक्रेत्याच्या मर्जीवर न राहतां, एका मापाच्या, घरीं दुरुस्त होणाऱ्या बंदुका इतक्या थोडक्यांत मिळाल्या, हेंच या व्यवस्थेचें मर्म.

तिचा दुबळेपणाही तेथेंच होता. सर्व विद्या एका ठिकाणीं व परक्या माणसांच्या हातीं राहिली. १८०३ च्या आक्टोबरांत लेकनें आग्रा घेतलें, तेव्हां किल्ल्याबरोबर हा पुरवठाही गेला. कोंकणांतील शेंकडों लोहारांची विखुरलेली, ओबडधोबड विद्या एका वेढ्यांत जाण्यासारखी नव्हती. मात्र तिनें एका मापाच्या हजार बंदुकाही कधीं झाल्या नसत्या. स्वस्त, सारखी आणि स्वाधीन या तीन गुणांपैकीं दोन जमले कीं तिसरा निसटे, असा हा पेंच होता.

७. संग्राहकांस विनंती

१८१८ नंतर रत्नागिरी प्रांत इंग्रजांकडे गेला. १८५७ नंतरच्या कायद्यांनीं, विशेषतः १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें, घरोघरच्या बंदुका उतरल्या. जें उरलें तें माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यांत अथवा भंगारांत. म्हणून हातीं येईल त्या प्रत्येक नगाची नोंद मोलाची आहे. नळीची लांबी, तोंडाचें माप, कानाची बाजू, चापाची जात, सर्व खुणांचे ठसे, आणि ती कोणत्या घराण्यांत होती, इतकें तरी लिहून ठेवावें. खुणा दिसाव्या म्हणून वाळूनें अथवा आम्लानें घांसूं नये; घांसलेली खूण पुन्हां येत नाहीं.

एक सूचना जिवाची आहे. ठासणीची जुनी बंदूक पुष्कळदां भरलेलीच ठेवून दिलेली असते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. नळी स्वतःकडे न वळवितां, लांकडी काठी तोंडांतून हलकेच आंत सोडावी. ती जितकी आंत जाते तें माप नळीच्या बाहेरून धरावें. काठी कानापर्यंत पोंचत नसेल तर आंत बार आहे असें समजून तज्ज्ञाकडे द्यावी. विस्तव किंवा दिवा जवळ आणूं नये. कायद्याचेंही भान हवें. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यांतील ४५ वें कलम पुरातन अथवा मोडक्या हत्यारास सूट देतें, परंतु तें दुरुस्त करूनही बार काढण्यास असमर्थ असेल तरच.

हत्यारांइतकीच काळजी कागदांची. किल्ल्यांच्या झाडत्या छापतांना ‘बंदुका वगैरे सामान’ असा संक्षेप करण्याचा मोह होतो, कारण त्या याद्या रूक्ष असतात. पण शिसें किती, सांचे किती, गारा किती, तोड्याची दोरी किती, या आंकड्यांतच त्या गडाचा खरा दम कळतो. शंभर बंदुका व दोन सांचे असलेला किल्ला आणि चाळीस बंदुका व एकच सांचा असलेला किल्ला यांत कोण अधिक काळ लढला असता, हें संक्षेप केलेल्या यादीवरून कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा झाडत्या आहेत त्यांनीं त्या जशाच्या तशा, ओळीस ओळ लावून प्रसिद्ध कराव्या, एवढीच विनंती आहे.